फ्रिजमधली म्हातारी

आई अमेरिकेत आली त्याच्या दुसऱ्याच पहाटे, पहाट कसली, रात्रीचे पावणेतीन वाजले होते, आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. जेटलॅगमुळे तिची झोप उडाली होती, आणि झोप उडालेली आई नुसती बसून राहत नाही, ती फ्रिज आवरते. मी डोळे चोळत खाली आलो तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या, दह्याचा डबा आणि तीन वेगवेगळ्या वयांची आलं-लसणाची पेस्ट ओट्यावर हारीने मांडलेली होती. ती स्वतः झिपलॉकची एक पिशवी दिव्यापुढे धरून उभी होती. पिशवीत ओला पेपर टॉवेल आणि त्याच्या घडीत चपट्या, तपकिरी बिया.

"हे काय रे?"

"बिया आहेत."

"ते दिसतंय. मोड आणायला ठेवल्यास?"

"हो, म्हणजे तसंच काहीसं."

"फ्रिजमध्ये?"

त्या एका शब्दात पन्नास वर्षांची मटकी होती. मोड आणायचं शास्त्र आमच्या घरात पोथीसारखं पक्कं आहे. रात्रभर भिजवायचं, सकाळी निथळायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात गच्च बांधायचं आणि उबेला ठेवायचं. थंडी पडली की आई मटकीचं गाठोडं पांघरुणांच्या कपाटात ठेवायची. माझ्या लहानपणी दुलई आधी मटकीला मिळायची, मग मला.

"कधीपासून आहेत ह्या?"

"अठ्ठावीस दिवस झाले. अजून दोन ठेवायच्यात."

आईने पिशवी उघडून नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं. परदेशात राहून मुलं बिघडतात हे ती ऐकून होती. नेमकी कशी बिघडतात ते तिला आज दिसत होतं.

मी रीतसर खुलासा केला. ह्या बिया मिल्कवीडच्या, म्हणजे इथल्या रुईच्या. शेंगा फुटतात ऑक्टोबरात. तेव्हाच ओल मिळाली म्हणून बी उगवली तर डिसेंबरच्या बर्फात रोप मेलंच. म्हणून बीने आपल्या दाराला आतून कडी घातलेली असते. महिनाभर गारठा आणि ओल सोसल्याशिवाय ती कडी निघत नाही. म्हणून आपण ओल्या कागदात गुंडाळून तीस दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं, चार-पाच अंश सेल्सियसला. बीला वाटतं हिवाळा होऊन गेला.

"म्हणजे बीला फसवायचं."

"हो."

"एवढीशी बी, तिलाही थंडी सरली की नाही ते कळतं," आई पिशवी पुन्हा दह्यामागे सरकवत म्हणाली, "आणि तू काल विमानतळावर हाफ पँट घालून आलास. मार्च महिन्यात."

ह्या बिया घरात कशा आल्या, त्याची कथा आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू होते. लेकीच्या वर्गात मोनार्क फुलपाखरू शिकवलं गेलं. नारिंगी पंख, काळ्या शिरा, कडेला पांढरे ठिपके. त्याच्या अळ्या मिल्कवीडखेरीज दुसरं काही म्हणजे काही खात नाहीत. ही माहिती मला ओळखीची वाटली, कारण लेकसुद्धा पास्त्याखेरीज काही खात नव्हती. तिने हट्ट धरला आणि मी एका नर्सरीतून मिल्कवीडच्या दोन कुंड्या आणल्या. कुंडीवर फुलपाखराचं चित्र, शेजारी 'फुलपाखरांना आवडते' अशी खूणचिठ्ठी. फुलपाखरांना खरंच आवडलं. अंडी घातली, अळ्या निघाल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या काळ्या पडून मेल्या. रोपाला लहानपणीच कीटकनाशक पाजलेलं होतं. फवारलं असतं तर धुऊन तरी निघालं असतं, हे मुळातून थेट पानापानांत भिनलेलं. म्हणजे आम्ही जेवणाचं आमंत्रण दिलं होतं आणि ताटात विष वाढलं होतं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, की आता बियांपासून करायचं.

ऑक्टोबरात आम्ही एका पायवाटेने फिरायला गेलो. कडेला मिल्कवीडची वाळकी झुडपं होती आणि त्यांना लटकलेल्या करड्या, खरबरीत शेंगा. लेकीने एक शेंग जॅकेटच्या खिशात घातली आणि गाडीत बसल्यावर कुतूहल अनावर होऊन फोडली. माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी सवयीने हीटर लावला होता.

शेंगेत माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या शे-दीडशे बिया असतात आणि प्रत्येकीला रेशमी पांढऱ्या केसांचा झुपका. ते सगळे झुपके एकदम उडाले. गाडीत हिमवर्षाव झाला. "म्हातारी!" मी ओरडलो. बायकोने दचकून ब्रेक दाबला, तिला वाटलं कुणी रस्त्यात आडवं आलं. मी तिला आणि लेकीला समजावलं की ह्या उडणाऱ्या बीला आपल्याकडे म्हातारी म्हणतात, लहानपणी आम्ही शाळेच्या मैदानावर तिच्यामागे धावायचो. लेक म्हणाली, "पण म्हाताऱ्या तर हळू चालतात ना?" पुढे कित्येक महिने गाडीचा पंखा लावला की एखादी म्हातारी भुरकन बाहेर यायची. गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या माणसाने मला विचारलं, उशी फुटली होती का?

त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतलं आणि तिथून येणारा कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, अमेरिकेला मिळेनासा झाला. नौदलाच्या लाइफ जॅकेटांत तोच भरलेला असे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मिल्कवीडची म्हातारी आतून पोकळ असते, वरून मेणचट असते, ती पाण्यावर सुरेख तरंगते. १९४४ साली शाळकरी पोरांना कांद्याची जाळीदार पोती देऊन रानात पिटाळलं गेलं. दोन पोती शेंगा म्हणजे एक जीव वाचला, असा हिशेब त्यांना सांगत. बुडत्याला काडीचा आधार आपण ऐकलेला आहे. तिकडे बुडत्या खलाशाला म्हातारीचा आधार होता.

बी आणि झुपका वेगळं करायलाही युक्ती लागते. कागदी पिशवीत सगळं कोंबून, त्यात चिल्लर टाकून खळाखळा हलवायचं. बिया जड, त्या तळाला बसतात, आणि केस वर राहतात. मी हे करत असताना बायको म्हणाली, "एवढी चिल्लर खळखळवून आपल्याकडे लोक नंदीबैल घेऊन दारोदार जातात. त्यांना निदान पैसे मिळतात."

तर ह्या बिया बरोबर तिसाव्या दिवशी फ्रिजबाहेर आल्या. मधल्या दोन दिवसांत एकच अपघात होता होता टळला. आईला त्या पिशवीशेजारी जवसाची पिशवी दिसली, तिने चटणी करायचं ठरवलं, आणि तवा तापल्यावर चुकीची पिशवी हातात घेतली. लेकीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं म्हणून बरं. मिल्कवीडच्या साऱ्या अंगात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. तेव्हापासून पिशवीवर बायकोच्या अक्षरात ठळक लिहिलेलं आहे: 'हे खायचं नाही. हे ह्यांचं आहे.'

पेरणीच्या दिवशी आईने दुसरा प्रश्न विचारला. "कुठली रुई म्हणालास ही?"

"नेटिव्ह. देशी."

"देशी होय? मग एवढा खटाटोप कशाला? आपल्या दुकानात मिळाली असती की."

इथे गोंधळ होणं साहजिक होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास देशी म्हणजे आपण. देशी ग्रोसरी, देशी डॉक्टर, देशी डबेवाली. मी समजावलं की ही रुई इथली, अमेरिकेची देशी. परदेशी आपण.

"असं. मग तिची माणसं कुठे गेली? परक्यांनी कशाला वाढवायची?"

तिची माणसं शेती करायला गेली, असं खरं तर सांगायला हवं होतं. मधल्या राज्यांत मका आणि सोयाबीनच्या रांगांमध्ये पूर्वी मिल्कवीड निमूटपणे उगवायचं. तणनाशकाला दाद न देणारी पिकं आली. मग शेतावर सरसकट औषध मारता येऊ लागलं, पीक तगलं आणि मिल्कवीड गेलं. नाव आधीच वीड, म्हणजे तण. त्याची बाजू कोण घेणार? मेक्सिकोत मोनार्क हिवाळा काढतात ते रान हेक्टरांत मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते अठरा हेक्टरांच्या वर भरलं होतं, २०१३-१४ ला अवघं ०.६७. एका बऱ्या साखर कारखानदाराच्या फार्महाउसलाही याहून जास्त जागा लागते. २०२४-२५ ला १.७९ झालं तेव्हा लोकांना केवढा आनंद झाला.

नावावरून आठवलं. ह्या झाडाच्या जन्मदाखल्यात घोळ आहे. १७५३ साली कार्ल लिनीयसने त्याला नाव दिलं आस्क्लेपियास सिरियाका. त्याची समजूत झाली की झाड सीरियाचं. झाड पक्कं उत्तर अमेरिकेचं, सीरिया त्याने बापजन्मी पाहिला नव्हता. पण एकदा नोंद झाली की झाली, आधीचं नाव बदलायचं नाही असा वनस्पतिशास्त्राचा नियम. शाळेच्या दाखल्यावर चुकीची जन्मतारीख पडलेल्या माझ्या मोठ्या काकांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. ते एक वर्ष आधीच रिटायर झाले होते.

पेरल्यावर दहाव्या दिवशी पहिला कोंब वर आला. अठ्ठेचाळीस बियांतून एकतीस उगवल्या. आईने कुंड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "मटकी असती तर एव्हाना तीनदा उसळ झाली असती." पुढच्या आठवड्यात अकरा रोपं मानेशी काळी पडून कोलमडली, कारण मी प्रेमापोटी दिवसातून तीनदा पाणी घालत होतो. उरलेली खिडकीकडे लांबच लांब माना काढून वाकली. मग ती रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर करायची असतात. सकाळी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, वारा सुटला की आत, ऊन चढलं की सावलीत. बालवाडीत मूल रमेपर्यंत आईबाप फाटकाशी उभे राहतात तसा मी दोन आठवडे दाराशी उभा होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा मी म्हणालो, "एक मिनिट, पाऊस आलाय, मुलांना आत घेतो," आणि सगळ्यांनी समजून मान डोलावली.

आई हे सगळं खुर्चीत बसून पाहत होती. साताऱ्याला आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीत, विटांच्या फटीत, रुई आहे. तिला कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. माझे वडील दर दोन वर्षांनी ती मुळासकट उपटत आणि दर पावसाळ्यात ती नव्याने हजर होत असे. आईच्या लेखी रुई ही वाढवायची वस्तू नव्हेच, ती असतेच. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीला, गणपतीच्या एकवीस पत्रींत तिचं पान, गुडघा धरला की तेल लावून गरम केलेलं पान गुडघ्यावर. "चीक लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही," हे तिने लेकीला पहिल्याच दिवशी बजावलं. पुढे मला इथल्या माहितीपत्रकात तीच सूचना लाल चौकटीत सापडली. चुलत घराणं आहे दोघींचं, चीक तोच, शेंग तीच, म्हातारी तीच. आणि आपल्या रुईवर अंडी घालणारं प्लेन टायगर फुलपाखरूसुद्धा मोनार्कचं सख्खं भाऊबंद.

त्या ओघात आईने लेकीला आमच्या आबाकाकांची गोष्टही सांगितली. आबाकाकांच्या दोन बायका लागोपाठ गेल्या. तिसरी आणायची तर तिसरं लग्न धार्जिणं नसतं. म्हणून भटजींनी त्यांचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावलं, अंतरपाट-अक्षतांसकट. मग जी काकू आली ती चौथी ठरली आणि चांगली ब्याऐंशी वर्षं जगली. लेकीला ही गोष्ट अतोनात आवडली. तिने ती वर्गात, मोनार्कच्या धड्याला जोडून सांगितली. संध्याकाळी बाईंचा ईमेल आला: मुलगी म्हणते तिच्या एका आजोबांनी मिल्कवीडशी विवाह केला होता, तिला कल्पना आणि वास्तव यांतला फरक घरी समजावून सांगता येईल का? मी बराच वेळ उत्तर टाइप केलं आणि खोडलं. शेवटी 'नक्की सांगू' असं लिहून टाकलं. खरं सांगितलं असतं तर प्रकरण वाढलं असतं.

जूनमध्ये वीस रोपं घरापुढच्या वाफ्यात लागली आणि जुलैत सोसायटीचं पत्र आलं. आपल्या दर्शनी भागात तण माजले आहे, चौदा दिवसांत काढावे. मी आईला मजकूर वाचून दाखवला. "देवाला वाहतात त्याला तण म्हणतात?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सज्जनगडावरून खाली पाहण्याचा भाव होता. शेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ, ज्यांची हिरवळ कॅरमबोर्डासारखी सपाट असते, त्यांनी मला कुंपणाशी गाठून तोड सांगितली. पाटी लावा. कॅन्सस विद्यापीठातली मोनार्क वॉच नावाची संस्था २००५ सालापासून अशा बागांना 'मोनार्क वेस्टेशन' म्हणून नोंदवते, वेगळे पैसे भरले की धातूची पाटी पाठवते. पाटी आली, मी ती खांबावर ठोकली, आणि कालपर्यंत जे तण होतं ते एका दुपारीत फुलपाखरांची धर्मशाळा झालं. पुढचं पत्र आलं नाही. पाटीचं सामर्थ्य फक्त पुण्यातच कळतं असं मी इतकी वर्षं मानत होतो.

आता ह्या धर्मशाळेत मोनार्कखेरीज सगळे उतरले. आधी मावा आला. खव्याचा नव्हे, झाडावरचा. पिवळाधमक, काळ्या पायांचा, देठाला दाटीवाटीने चिकटलेला. कण्हेर आणि मिल्कवीड ही त्याची आवडती गावं, आणि साताऱ्याच्या रुईवरही हाच असतो. ह्या माव्यात सगळ्या माद्याच. नराची भानगड नाही, अंड्यांची वाट पाहणं नाही, थेट पिल्लं. सकाळी चार पाहिल्या तर संध्याकाळी मोजदाद सोडून द्यायची. आईने लगेच उपाय सांगितला: तंबाखू भिजवून ते पाणी मारायचं. मी म्हटलं, अगं, गेल्या वर्षी अळ्या ज्या जातीच्या औषधाने मेल्या ना, ते निकोटिनचंच चुलतभावंड आहे. कडुलिंबाचं तेल? तेही नको, अळीला चालत नाही. साबणाचं पाणी? अंडी असतील तर? "मग काय, आरती ओवाळायची?" मग आम्ही तिघं पाण्याच्या पाइपाची धार आणि आंगठा-तर्जनी यांवर आलो. मावा चिरडून आईची बोटं पिवळी झाली. समोरच्या घरात राहणाऱ्या तेलुगू बाई येऊन विचारून गेल्या, कुणाची हळद आहे का?

माव्यामागून लाल-काळे ढेकणासारखे किडे आले, मग लांब मिशांचे तांबडे भुंगे, मग एका केसाळ पतंगाच्या पंचवीस अळ्या, पंगत बसल्यासारख्या एका पानावर. पुस्तक म्हणतं हे सगळे मिल्कवीडचे हक्काचे जेवणारे आहेत, हाकलू नका. हरणं मात्र फिरकली नाहीत. आमच्या भागातली हरणं गुलाब, टोमॅटो, जास्वंद, एकदा तर वाळत घातलेली आंब्याची कोय, काहीही खातात, पण मिल्कवीडपाशी आली की नाक वर करून पुढे जातात. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ते सगळे श्रम पावले.

आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. दुपारची वेळ. आईनेच पाहिली. मोनार्कची मादी अंडं घालताना पाहण्यासारखी असते. ती आधी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पानावर टपटप मारते, कारण चव तिला पायांनी कळते. पटलं की पोटाचं टोक पानाखाली वळवून एकच अंडं चिकटवते आणि उडते. पुढचं पान, पुन्हा टपटप. "मंडईतली भाजी आहे ही," आई कुजबुजली. "मीपण भेंडी अशीच मोडून बघते." त्या मादीने आमच्या वीस रोपांवर चौदा अंडी घातली. खसखशीच्या दाण्याहून थोडं मोठं, दुधी, उभ्या रेघांचं अंडं. चार दिवसांनी अळी निघाली ती स्वल्पविरामाएवढी.

स्वल्पविरामाचं उद्गारचिन्ह व्हायला दोन आठवडे लागतात. ह्या मुदतीत तिचं वजन दोन हजार पटींच्या घरात वाढतं. आम्ही लेकीचं भिंग घेऊन तासन्‌तास बसायचो. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी झालेली अळी पानाशी येते, पण लगेच पान खात नाही. आधी ती पानाच्या मधल्या शिरेला देठाजवळ एक खाच पाडते. तिथून चीक टपटप गळून जातो, पान मान टाकतं, आणि मग ती निवांत टोकाकडून सुरुवात करते. "सुरण चिरायच्या आधी हाताला तेल लावतो तसं," आई म्हणाली. चिकातलं विष पोटात साठवून अळी स्वतः कडू होते आणि पुढे फुलपाखरूही कडूच राहतं. लिंकन ब्राउअर नावाच्या शास्त्रज्ञाने निळ्या जे पक्ष्याला मोनार्क खाऊ घातलं आणि त्या पक्ष्याने ओकारी काढली, तो फोटो १९६९ साली छापून आला होता. लेकीने तो छापील फोटो फ्रिजवर चिकटवला. जेवताना तो अगदी समोर येतो.

पण गणित चुकलं होतं. पहिल्या वर्षाची रोपं वीतभर-दोन वीत उंच. इथले बागवाले सांगतात, मिल्कवीड पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं आणि तिसऱ्या वर्षी उडी मारतं. आमचं झोपेत होतं आणि पाहुणे भुकेले. चौदातल्या सहा अळ्या कोळी, मुंग्या, गांधीलमाश्या यांनी नेल्या, निसर्गात याहून जास्त जातात. उरलेल्या आठ जणींनी दहा दिवसांत वाफा झाडू मारल्यासारखा केला. लेक रडवेली झाली. शनिवारची सकाळ होती.

"गाडी काढ," आई म्हणाली. "पानं आणायला कधी कुणी विचार करत बसतं का?"

तेव्हा न्यू जर्सीतल्या एका रस्त्याच्या कडेला, माणूसभर उंच मिल्कवीडच्या रानात, नऊवारी नव्हे पण चांगली सहावारी सुती साडी खोचून, पायात माझे बूट घालून, हातात स्टीलची कात्री घेऊन माझी आई पानं तोडत होती. प्रत्येक पान उलटून पाहायची, खाली अंडं नाही ना, मगच देठ कापायचा, आणि तोडताना ओठ हलत होते. सवयीने ती भीमरूपी म्हणत होती. एक सायकलवाला थांबला आणि त्याने अदबीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आठ मुलं आहेत घरी, उपाशी आहेत. तो बिचारा खिशातला ग्रॅनोला बार काढून देऊ लागला.

पानं पुरली. आठातल्या पाचांनी पोर्चच्या कठड्याखाली जागा धरली, छत्रीच्या मुठीसारख्या वाकून उलट्या लटकल्या आणि दुसऱ्या दिवशी कातडी उतरवून कोश झाल्या. पोपटी-हिरवा, गुळगुळीत, आणि वर सोन्याचे ठिपके. खरेखुरे सोनेरी, उन्हात चमकणारे. आई कितीतरी वेळ पाहत राहिली. "खणाला जर लावतात ती अशी असावी," एवढंच म्हणाली. मग तिने जाहीर केलं की पोर्चमध्ये कुणी दार आपटायचं नाही. घरात बाळंतीण असल्यासारखे आम्ही बारा दिवस चवड्यांवर चालत होतो.

सप्टेंबरात कोश काचेसारखे झाले, आत घडी घातलेले नारिंगी पंख दिसू लागले, आणि ज्या आठवड्यात आईचं परतीचं तिकीट होतं त्याच आठवड्यात एकेक बाहेर आलं. चोळामोळा झालेले ओले पंख, दोन तास लटकणं, मग झेप. आईची बॅग भरता भरता मी तिला सांगत होतो की ही शेवटची पिढी वेगळी. उन्हाळ्यातली मोनार्क दोन-सहा आठवड्यांत संपतात, ही मात्र आठ-नऊ महिने जगणार. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर जाऊन बसणार. इथून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. ह्यांच्यातलं कुणी तिथे पूर्वी गेलेलं नाही. गेल्या वर्षी गेली होती ती ह्यांची पणजी. बाकी जगाला ही जागा १९७५ साली कळली, कॅनडाचे फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे दांपत्य कित्येक दशकं फुलपाखरांच्या पंखांना चिठ्ठ्या चिकटवून शोध घेत होतं म्हणून.

"अर्कहार्ट? अर्क म्हणजे रुईच की."

हे मला सुचलं नव्हतं.

"आणि ही फुलपाखरं तिथे पोचतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला," मी म्हटलं, "तेव्हा तिथे मृतांचा सण असतो. लोक मानतात, पितर येतात ते हेच."

पितृपक्षच चालू होता. आईने बॅगेची चेन ओढता ओढता विचार केला. "फुलपाखरू बरं," ती म्हणाली. "कावळ्यासारखं ताटकळत ठेवत नसेल. तुझ्या आजोबांच्या वेळी दुपारचे तीन वाजले होते, सगळी माणसं उपाशी."

नेवार्क विमानतळावर तिने व्हीलचेअर घेतली आणि मागे न बघता आत गेली. सहा महिन्यांचा मुक्काम शिक्क्याप्रमाणे संपला होता. परतीच्या वाटेत हायवेवर एक मोनार्क काचेवरून नैर्ऋत्येकडे गेलं, त्याला कुणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. नेहमीच्या चौकशा झाल्या. गुडघा बरा आहे, कामवाली पुन्हा रजेवर आहे. मग म्हणाली, पावसाळ्यात संडासाच्या पाइपाच्या कडेने भिंतीतून रुई आलीय, कमरेएवढी झालीय. शेजारच्यांनी उपटायला प्लंबर बोलावून दिला होता.

"मग?"

"मग काय, पाठवला परत. तो म्हणाला, आजी, पाइप फुटेल. म्हटलं, फुटू दे. अमेरिकेत हिला महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात, मग कुठे उगवते. तर तो म्हणाला, आजी, मग फ्रिजची कंपनी वेगळी बघा, मी प्लंबिंगचं बघतो."